पिशवीवरचा रफू

"हळू रे बाबा, दार हळू," असं बाई म्हणेपर्यंत शिपायानं दार ढकललेलं होतं. दाराबरोबर वारा आत आला आणि टेबलावरच्या कापडाच्या तुकड्याच्या एका कडेची धूळ उठून गेली. उठली म्हणजे किती, तर चिमटीत सापडणार नाही इतकी. पण गेली ती गेली.

"गेली का?" शिपायानं विचारलं. त्याला सवयीनं कळत होतं.

"गेली."

"धूळच ती, बाई. झाडूवालीला विचारा, ती रोज सुपं भरभरून फेकते."

"ती फेकते तो कचरा. ही पाहुणी आहे. पाहुण्याला आपण होऊन जा म्हणत नाहीत. आण इकडे काय आणलंयस ते, आणि जाताना हळू."

शिपाई चहा ठेवून चवड्यांवर चालत बाहेर गेला. चवड्यांवर चालायची काही गरज नव्हती, बाईंची फिरकी घ्यायची म्हणून तो तसा चालायचा. सगळ्या प्रयोगशाळेत त्यांना हळूबाई म्हणत. समोर बाई, मागे हळूबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना राग येण्यासारखं काही वाटत नव्हतं. दिवसभर ज्याच्या तोंडी एकच शब्द, त्याला लोकांनी दुसरं काय म्हणायचं?

आता हे काम काय, ते सांगायला हवं, नाहीतर धुळीचे एवढे लाड कशाला असं कुणालाही वाटेल. कारखान्यात जिथे भुकटी दळतात तिथली हवा कापडाच्या लांबच लांब पिशव्यांतून खेचून घेतात. धूळ पिशवीवर अडकते, हवा स्वच्छ होऊन पुढे जाते. कापड ब्लँकेटसारखं जाड असतं. कधी काही बिनसलं, धूळ पलीकडे यायला लागली, की पिशवीचा तुकडा कापून इकडे पाठवतात. पलीकडच्या खोलीतल्या मॅडम तो मायक्रोस्कोपखाली बघतात आणि धूळ कुठे बसली, किती खोल गेली, कुठून निसटली ते सांगतात. पण मॅडमना बघता यायला धूळ जिथे होती तिथेच असायला हवी. कापड असं आडवं कापायचं की धुळीचा कण हलता कामा नये. ते काम बाईंचं. कडेनं ड्रॉपरनं पातळ रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारं चिकट द्रव, सोडायचं. वरून थेंब टाकला तर धुळीत खड्डा पडतो, म्हणून कडेनंच. ते कापडात आपोआप चढत जातं. मग साच्यात घालून वरून आणखी रेझिन ओतायचं, यंत्रात ठेवून त्यातले बुडबुडे काढायचे, आणि दगडासारखं घट्ट झालं की दुसऱ्या दिवशी कापायचं, घासायचं, पॉलिश करायचं. निजलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सरळ करावं तसं सगळं.

त्यामुळे खोलीत पंखा नाही. खिडकी पट्ट्या लावून बंद. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. टेबलाशी वाकलं की श्वास धरायचा आणि मान वळवून बाजूला सोडायचा. तिथे कुणी मोठ्यानं हसायचं नाही, शिंक आली तर पळत बाहेर जायचं. एवढ्या अटी घालून घेतल्यावर त्या खोलीत कोण कशाला येऊन बसेल? कुणी येत नव्हतं. इतकी वर्षं श्वास सांभाळून सांभाळून बाईंचा आवाजही बारीक झाला होता. कँटीनमध्ये त्यांना काही मागायचं तर दोनदा मागावं लागायचं, आणि दुसऱ्यांदा मागायचा कंटाळा येऊन त्या बहुधा तशाच परत यायच्या.

घरीही तेच. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या उशापायथ्याशी बसण्यात लग्नाचं राहून गेलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, राहून गेलं एवढंच. वडील गेले, घर उरलं. तिथे सोमवार ते शनिवार बाईंशी बोलायला कुणी नव्हतं. पण रविवार होता. रविवारी थोरल्या भावाकडे जेवण. तिथे वहिनी आग्रह करकरून वाढायची, भाऊ जुन्या गोष्टी उकरून काढायचा, आणि मुख्य म्हणजे बाईंना तिथे कुणी बाई म्हणत नसे. भाऊ म्हणायचा, चिमे. साठीकडे झुकलेल्या बाईला चिमे म्हणणारा माणूस जगात एकच उरला होता. बाई शुक्रवारपासूनच रविवारची वाट बघायला लागत.

चहा निवत ठेवून बाई पुन्हा वाकल्या. रेझिन सोडण्याआधी दिवा आडवा धरून तुकडा बघायचा त्यांचा रिवाज होता. सरळ उजेडात धूळ सगळी सारखी दिसते, आडव्या उजेडात तिचे चढउतार कळतात. या तुकड्यावर धूळ जाड बसली होती. आणि मधोमध तिला एक वरंबा आला होता. जेमतेम दिसेल न दिसेल असा, बोटभर लांब.

बाईंनी मान वळवून श्वास सोडला. तुकडा जाळीवर होता. जाळीखाली त्यांनी छोटा आरसा सरकवला आणि कापडाची खालची, स्वच्छ बाजू त्यात बघितली. काही नव्हतं. साफ कापड. दुसरी कुणी असती तर पुढे गेली असती. बाईंनी आरसा जरा तिरका केला, भिंग घेतलं, आणि मग त्यांना ते दिसलं.

रफू होता. त्याच कापडाच्या कडेचे धागे उसवून, त्याच धाग्यांनी, उभे-आडवे विणून भोक बुजवलेलं. शेवटी गाठ नाही. धागा उलटा फिरवून आतल्या आत जिरवून टाकलेला. गाठ मारली की रफू मेला, असं त्यांचे वडील म्हणायचे. वडील म्हणजे आप्पा. अख्ख्या गावाचे कोट, शालू, गालिचे आप्पांकडे रफूला यायचे, आणि दुकानात खाली बसून दोन्ही पोरं ती विद्या शिकली होती. धागा असा जिरवणारे जगात आणखीही असतील. पण हा धागा उजवीकडून डावीकडे न जाता डावीकडून उजवीकडे गेला होता. आप्पांनी चापट्या मारूनही ज्याचा डावा हात सुटला नाही, असा त्यांचा शिष्य एकच.

बाईंनी आरसा खाली ठेवला. धूळ हलू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, भुकटीच्या कारखान्यात धूळघराचा फिटर होता. पिशव्या लावणं, काढणं, तपासणं ही सगळी जबाबदारी त्याची. फाटलेली पिशवी बदलायची असते, शिवायची नसते, हे तिथल्या शिकाऊ उमेदवारालाही माहीत असतं. परवाच्याच रविवारी जेवताना तो म्हणाला होता, "आमच्या पॅकिंगमध्ये धूळ यायला लागलीय, चिमे. माझ्यावर खापर फोडायला बघतायत. तुकडा काढून पाठवलाय म्हणे कुठल्यातरी प्रयोगशाळेत. कापडच वाईट आहे, दुसरं काही नाही." वहिनीनं ताटात वाढता वाढता म्हटलं होतं, "हलगर्जीपणा निघाला तर घरी पाठवतील म्हणतात. आता निवृत्ती तोंडावर आल्यावर." बाई म्हणाल्या होत्या, "नाही हो, कापड वाईट असलं तर दिसेलच ते." त्यांनी दादाला धीर दिला होता. वाटीभर जास्त भातही खाल्ला होता.

दुपारी मॅडम दाराशी आल्या. त्या दार नीट उघडायच्या, एवढं कौतुक त्यांचं करायला हवं.

"हा तुकडा जरा भांडणाचा आहे, बाई. कारखाना म्हणतो कापड सदोष. कापडवाले म्हणतात, लावणाऱ्यानं काहीतरी घोळ घातलाय. आणि तिकडे पॅकिंगच्या बायका खोकून खोकून बेजार. एकीला तर सुट्टीवर पाठवलंय, जिना चढवत नाही तिला."

"कुठून कापू?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आजवर कधी विचारला नव्हता.

मॅडमनाही नवल वाटलं. "मी काय सांगू? नेहमी तुम्हीच ठरवता. जिथे संशय वाटेल तिथून. काही नसेल तर कुठूनही. तुम्ही कापून द्याल तेवढंच मला दिसणार."

मॅडम गेल्या. तुम्ही कापून द्याल तेवढंच मला दिसणार. बाईंना वाटलं, इतका विश्वास कुणी टाकू नये माणसावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चार बोटं अलीकडून कापलं तर कापड दिसेल, त्यावरची धूळ दिसेल, आणि रफू उरलेल्या तुकड्यात पडून राहील. कुणी विचारणार नाही, कारण तो दिसणारच नाही कुणाला. आप्पांचं शिक्षण होतं ते.

त्यांनी कडेकडेनं रेझिन सोडलं, साच्यात ओतलं, बुडबुडे काढले. कापणं उद्यावर होतं. संध्याकाळी त्या घराकडे वळल्या नाहीत, भावाकडे गेल्या.

वहिनीनं दार उघडलं. "अगंबाई, वन्सं? आज कुठला रविवार उगवला? या, या. स्वयंपाक व्हायचाय अजून, पण होतोच आता."

दादा टीव्ही बघत होता. "चिमे, ये. बस. पाय दुखत नाहीत वाटतं आज."

बाई बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर पाणी आलं असतं, मग चहा आला असता, आणि मग बोलणं झालं नसतं.

"दादा, पिशवीला रफू केलास?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकली. दादानं टीव्हीचा आवाज कमी केला.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तुकडा माझ्या टेबलावर आहे. धागा डावीकडून जिरवलाय."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. दादाचा चेहरा सैल झाला, आणि बाईंना वाटलं होतं त्याहून निराळंच काहीतरी त्यावर आलं. तो जरासा हसला.

"तुला दिसला? कमाल आहे. माझा मला दिसेना नंतर. भोक एवढंसं होतं. स्टोअरमध्ये नवी पिशवी नव्हती. म्हटलं, बंद ठेवू या. वरचे म्हणाले, चालव कसंतरी. मग म्हटलं, आपल्याला येतं की. आप्पांनी कोटाला केला असता तसा केला, चिमे. साहेब हात फिरवून गेले, त्यांना पत्ता नाही."

"साहेबाला दिसला नाही रे. पण धूळ काय डोळ्यांनी बघून जाते? सुईनं जिथं जिथं टोचलंस तिथं तिथं वाट झाली तिला. आप्पांचा रफू माणसांना फसवायला होता."

"नवी पिशवी आली की बदलणार होतो."

"आली का?"

"आली. तोवर विसरलो. विसरलो म्हणजे..." तो थांबला. "बदलायची तर कारण सांगावं लागलं असतं."

"आणि मला म्हणालास कापड वाईट आहे."

 बाईंना सगळ्यांत लागलं होतं ते हेच. जगाशी खोटं बोलला असता तर त्यांनी समजून घेतलं असतं. जेवता जेवता, ताटावर बसून, त्यांच्याशी खोटं बोलला होता.

वहिनी पुढे आली. तिनं बाईंचा हात धरला. "वन्सं, तुम्ही कुठून कापता ते बघायला कुणी येतं का?"

"नाही."

"मग थोडं इकडून कापलं तर कुणाचं काय बिघडतं? तुम्ही खोटं काहीच बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. यांनी जन्म घालवला तिथे. आता शेवटच्या दिवसांत हात धरून बाहेर काढायचं, हे बरं दिसतं का? लोक काय म्हणतील, ते सोडा. हे जगतील का त्यातून?"

वहिनी वाईट नव्हती. आप्पांच्या आजारपणात रात्री जागायला तीच यायची. बाईंना तिचा हात सोडवून घेता येईना.

"दादा, तूच सांग," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी जाऊन साहेबांना सांग. पिशवी नव्हती, चालव म्हणाले, म्हणून केलं. मी कापायच्या आत सांग. मग माझ्या कापण्याला अर्थच राहणार नाही."

"चालव म्हणाले, हे ते कबूल करतील असं वाटतं तुला?"

"पॅकिंगच्या बायका खोकतायत, दादा. एकीला जिना चढवत नाही."

"आणि मी?" दादाचा आवाज चढला. "मी खोकत नाही? जन्मभर धूळ खाल्ली तिथे. तेव्हा कुणाच्या बहिणीनं कापून बघितलं होतं?"

  बाई उभ्याच होत्या, आणि ज्या आवाजात कँटीनमध्ये त्यांना दोनदा मागावं लागायचं, त्याच आवाजात म्हणाल्या, "मी मधूनच कापणार आहे."

वहिनीनं हात सोडला.

बाई चपला घालायला दारात आल्या. पट्टा लागत नव्हता, त्यांनी तो जरा जास्तच वेळ लावला. मग सवयीप्रमाणे म्हणाल्या, "येते."

येते म्हटलं की ये म्हणायचं असतं. त्यात काही मोठेपणा नाही, दारावर आलेल्या परक्यालाही माणूस म्हणतो. आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला. बाई जिना उतरून खाली आल्या आणि रस्त्याला लागल्या.

सकाळी त्या प्रयोगशाळेत नेहमीपेक्षा लवकर आल्या. साचा उघडला. आत काचेसारख्या ठोकळ्यात कापड होतं, कापडावर धूळ होती, कणन् कण जिथल्या तिथे. बाई फोन टेबलावर ठेवून बसल्या. त्या खोलीत फोन आणत नसत, आज आणला होता. सांगितलं साहेबांना, एवढे दोन शब्द आले असते तरी पुरे होतं. शिपाई चहा देऊन गेला, परत येऊन गार झालेला कप घेऊन गेला.

मॅडमनी दारातून विचारलं, "झालं का, बाई?"

"देते," बाई म्हणाल्या.

त्यांनी ठोकळा करवतीला लावला. रफूच्या बरोबर मधून, धाग्यांना आडवा. अर्धा भाग कापडात गुंडाळून बाजूला ठेवला. दुसरा अर्धा पाण्याखाली धरून घासायला घेतला, आधी खरखरीत कागदावर, मग बारीक, मग त्याहून बारीक. हात ठाम होता. डोळे मात्र वाहायला लागले, आणि बाईंच्या लक्षात आलं की आता ते पुसायची घाई नाही. धूळ आता अडकली होती, तिला कशानंही काही होणार नव्हतं. तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत बाई आवाज करून रडल्या. तोंड वळवलं नाही, श्वास धरला नाही. घासणं चालूच होतं. रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, ठोकळा मखमलीवर चमकवला आणि पलीकडे नेऊन दिला.

मॅडमनी तो मायक्रोस्कोपखाली सरकवला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघितला.

"बघा तुम्ही," त्या मग म्हणाल्या.

बाई कधी बघत नसत. त्यांचं काम तयार करून देण्यापर्यंत. आज त्या वाकल्या. उजेडात धागे ओळीनं बसलेले दिसत होते, एकाखाली एक, एकाही टाक्याची चाल चुकलेली नाही. आणि प्रत्येक टाक्याच्या अंगानं धुळीची एक बारीक रेघ या काठापासून त्या काठापर्यंत गेली होती.

"कुणीतरी शिवलीय पिशवी," मॅडम म्हणाल्या. "चूक ती चूकच. पण काय हात आहे हो. बाहेरून पत्ताही लागला नसता. तुम्हाला कसा लागला?"

बाईंना काहीही सांगता आलं असतं. अंदाजानं कापलं म्हटलं असतं, तरी चाललं असतं.

"माझ्या भावाचा हात आहे," त्या म्हणाल्या.

मॅडमनी त्यांच्याकडे वळून बघितलं. बाईंनी पदराआडून कापडात गुंडाळलेला दुसरा अर्धा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा अर्धा राखून ठेवलाय. बाहेरच्या कुणाकडून तरी कापून घ्या, म्हणजे बहिणीनं कापलं असं कुणी म्हणायला नको. आणि एक लिहिता आलं तर लिहा. नवी पिशवी तेव्हा स्टोअरमध्ये नव्हती. त्यानं बंद ठेवू या म्हटलं होतं."

"ते कापडात दिसत नाही, बाई. मला दिसतं तेवढंच लिहिता येतं."

"हो," बाई म्हणाल्या. "तेही खरंच."

 मॅडम उठल्या, पुन्हा बसल्या. "फार जवळचे आहात का तुम्ही दोघं? जाणं-येणं असतं?"

"रविवारी मी त्याच्याकडेच जेवायला जायचे," बाई म्हणाल्या, आणि रिकामा ट्रे उचलून कामाला गेल्या.